एक्क्याऐंशी राजांची नावं आणि नदीचा नगारा

“डोंगरावर धूर दिसला होता, तर मग नगारा का वाजला नाही?”

एका नदीकाठच्या गावातल्या एका धाकट्या भावाने हा प्रश्न एका उन्हाळ्यात अख्ख्या गावाला विचारला. गावातली माणसं संपली तेव्हा शेजारच्या गावांत जाऊन विचारला. कुणी पाणी दिलं, कुणी भाकरी दिली, कुणी पाठीवरून हात फिरवला. उत्तर कुणीच दिलं नाही.

त्या गावाची नदी उन्हाळ्यात अंग चोरून एका कडेला सरकायची आणि मधे वाळूचं लांबरुंद पात्र उघडं पडायचं. गावातली तीसेक घरं त्या वाळूत आळी खणून कलिंगडं लावायची आणि फळं उतरेपर्यंत तिथेच झोपड्या घालून राहायची. वाळू गोड फळ द्यायची. पण तिथे एक धोका होता. दूर डोंगरात अवेळी पाऊस झाला, तर गावावर लख्ख ऊन असतानाही पाणी यायचं, आणि यायचं ते पळत यायचं.

म्हणून जुन्या लोकांनी एक व्यवस्था लावून दिली होती. डोंगरमाथ्यावरच्या राखणदाराने पाणी चढताना पाहिलं की ओल्या पाल्याचा धूर करायचा. नदीकाठच्या बुरुजावरच्या सरकारी अंमलदाराने तो धूर पाहिला की नगारा वाजवायचा. आणि नगारा वाजला की प्रत्येक घरातल्या एकाने घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून आपल्या माणसांना नाव घेऊन हाका मारायच्या. नगारा ऐकूनही माणूस रेंगाळतं, एवढं फळ घेऊ, तेवढी चटई घेऊ म्हणतं. स्वतःचं नाव ऐकलं की मात्र धावत सुटतं. माणूस वर येईपर्यंत हाक थांबवायची नाही, अशी रीत होती.

धाकट्याला आईबाप आठवतच नव्हते. दादाने आणि वहिनीने त्याला वाढवलं. शाळेत घातलं, तर चौथ्या दिवशी तो खिडकीतून उडी मारून घरी आला. दादा हसला आणि त्याला वाळूतल्या वेलींमध्ये घेऊन गेला. दादा प्रत्येक कलिंगडाला टिचकी मारायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. आवाज भरीव आला तर “चल, उतरव.” नाही आला तर “राहू दे अजून वेलीवर.” दादाचा निकाल कधी चुकला नाही. धाकट्याला मात्र धीर नव्हता. तो टिचकी मारण्याआधीच देठ तोडायचा, आणि मग वहिनी ते पांढरं कलिंगड त्याच्याच ताटात वाढायची. म्हणायची, “खा आता, भाऊजी. तुमच्याच हातचं आहे.”

त्या दिवशीही असंच झालं. वहिनी म्हणाली, “ऊन फार आहे. बाजाराला उद्या जा.” पण याने ऐकलं नाही. गाडी जुंपली आणि गेला. दुपारी डोंगरावर धूर निघाला. गुराख्यांनी पाहिला, धोबिणींनी पाहिला. सगळे नगाऱ्याची वाट पाहत राहिले. नगारा वाजला नाही, म्हणजे धूर खुणेचा नसणार, असं समजून जो तो आपल्या कामाला लागला. मग पाणीच आलं. काठाजवळची माणसं ते पाहून पळाली. दादाची वाडी मात्र सगळ्यांत आत होती, ऐन पात्रात. दोघं जेवून झोपडीत आडवी झाली होती. आणि वरच्या पायरीवर उभं राहून त्यांना हाक मारणारं त्यांच्या घरचं माणूस बाजारात वहिनीसाठी हिरव्या बांगड्या निवडत होतं.

दहावं-तेरावं झालं. चौदाव्या दिवशी धाकटा हातात काठी घेऊन बुरुजावर चढला.

अंमलदार खाली मान घालून बसला होता. अंगावर स्वच्छ कपडे होते, बोटांना शाई होती. समोरचं जेवण तसंच झाकलेलं होतं. धाकट्याने काठी आपटली.

“तू धूर पाहिलास की नाही?”

अंमलदाराने न बोलता रोजनिशी पुढे सरकवली. धाकट्याला वाचता येईना. तेव्हा अंमलदारानेच वाचून दाखवलं, “दुपारी डोंगरावर धूर. रंग पांढरा. आकार डौलदार.”

“डौलदार?” धाकटा ओरडला. “मग नगारा का वाजवला नाहीस?”

अंमलदाराने रोजनिशी मिटली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकट्याने उगारलेली काठी तशीच राहिली. रडणाऱ्या माणसाला मारायला दादाने त्याला शिकवलं नव्हतं.

“तुला इथे बसवलं कुणी?” त्याने विचारलं.

“परीक्षेत सातवा आलो,” अंमलदार म्हणाला. “मला ग्रंथालय हवं होतं. ते सहाव्याने घेतलं.”

“कसली परीक्षा?”

आता ती परीक्षा कशी होती ते सांगायला हवं. त्या राज्यात कोठारावर, रस्त्यावर, दवाखान्यावर, नदीवर, जिथे म्हणून सरकारी माणूस लागे, तिथे तो एकाच परीक्षेतून निवडला जाई. राजघराण्यातल्या एक्क्याऐंशी राजांची नावं आधी क्रमाने आणि मग उलटी म्हणायची, मधे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. जो कमी अडखळेल त्याचा नंबर वर. पहिल्याने हवी ती जागा घ्यायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. फार पूर्वी शत्रूचे हेर नोकर बनून घुसत, तेव्हा परका माणूस ओळखायला ही परीक्षा काढली होती. हेर येणं कधीच बंद झालं. परीक्षा चालूच राहिली.

धाकट्याने काठी खांद्यावर टाकली आणि तो तसाच राजधानीकडे चालू लागला. तीन दिवस चालला. योग असा की तो पोचला त्याच दिवशी परीक्षा होती. मोठा मांडव, रांगेत बसलेले उमेदवार, उंचावर राणीसाहेब, आणि शेजारी पोट सांभाळत बसलेले मुख्य परीक्षक शास्त्रीबुवा. एक मुलगा डोळे मिटून त्रेचाळिसाव्या राजापर्यंत आला होता.

“थांबा!” धाकटा पहारेकऱ्याच्या हाताखालून आत घुसला. “डोंगरावर धूर दिसला होता, तर नगारा का वाजला नाही?”

मुलगा त्रेचाळिसाव्या राजावर अडकला तो अडकलाच.

पहारेकरी धावले. राणीसाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. “बोलू द्या त्याला. कुठला नगारा?”

धाकट्याने सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधेच दादाचं सांगितलं, मधेच कलिंगडांचं, मधेच बांगड्यांचं. पण मांडवात कुणी हललं नाही.

शेवटी शास्त्रीबुवा खाकरले. “सरकार, मुलगा दुःखात आहे. पण परीक्षेला दोष देता येणार नाही. ही परीक्षा नव्हती तेव्हा जागा मेहुण्यांना आणि भाच्यांना मिळत. इथे वशिला चालत नाही. झोपडीतला मुलगाही नावं पाठ करू शकतो.”

“खरं असेल बुवा,” धाकटा म्हणाला. “तुमची परीक्षा चोख असेल. पण माझा दादा कलिंगड निवडताना त्याला टिचकी मारायचा. त्याच्या एक्क्याऐंशी पूर्वजांची नावं विचारत नव्हता.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. राणीसाहेब हसल्या नाहीत.

“तू कशी घेशील परीक्षा?” त्यांनी विचारलं.

“बुरुजावर उभं करा. डोंगरावर धूर करा. बघा कोण वाजवतो.”

“आणि तू बसशील त्या परीक्षेला?”

“बसेन? सगळ्यांत पहिला बसेन!” धाकटा छाती पुढे काढून म्हणाला. “ती जागा माझीच आहे, सरकार. त्या नगाऱ्यावर माझ्याइतकं लक्ष कोण ठेवणार?”

राणीसाहेबांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. “बुवा, वशिला शिरणार नाही हे तुम्ही पाहा. बाकी या मुलाने सांगितलं तसं होऊ द्या.”

शास्त्रीबुवा चोख माणूस होते. पटलं नव्हतं, तरी काम त्यांनी मनापासून केलं. पावसाळा सरून नदीची वाळू उघडी पडली तेव्हा ते स्वतः गावात येऊन राहिले. प्रत्येक उमेदवाराने तीन दिवस बुरुजावर बसायचं. राखणदार खुणेचा धूर त्यांतल्या कुठल्या दिवशी करणार, ते राखणदार आणि बुवा यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि गावाला ताकीद होती की परीक्षा असो वा नसो, नगारा वाजला की घाट चढायचा.

पहिला नंबर धाकट्याचा. त्याने अन्नाला हात लावला नाही. डोळ्यांची पापणी लवू द्यायची नाही असं ठरवून तो डोंगराकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, आणि डोंगराच्या पायथ्याशी धुराची एक रेघ निघाली.

धाकट्याला मग बुरूज दिसेना, शास्त्रीबुवा दिसेनात. त्याला दिसली ती ऐन पात्रातली झोपडी. त्याने दोन्ही टिपऱ्या उचलल्या आणि नगारा असा बडवला की पारव्यांचा थवाच्या थवा बुरूज सोडून उडाला.

गाव धावलं. बायका धुणं टाकून धावल्या. माणसं कुदळी टाकून धावली. घाटावर हाकांचा कल्लोळ झाला. गर्दीत एक म्हातारी पायरीवरून घसरली आणि तिचा हात मोडला.

बुरुजाखालून एक कुंभारीण गाढवावर माठ लादून चालली होती. ती तेवढी जागची हलली नाही. मान वर करून ओरडली, “अरे ए! कशाला वाजवतोस? पाचट जाळलंय कुणीतरी!”

“तुला काय ठाऊक, मावशी?”

“तीस वर्षं भट्टी लावते रे. वाळलेल्याचा धूर पातळ असतो, पळपुटा. ओल्याचा धूर जड. तो जागचा हलत नाही, ढेकळासारखा वर येतो. हा बघ कसा पळतोय!”

धाकट्याने पाहिलं. धूर खरोखरच पळत होता, आणि त्याच्याखाली उसाच्या फडाचा जाळ स्वच्छ दिसत होता.

संध्याकाळी तो म्हातारीकडे गेला. हाताला पाला बांधून ती ओट्यावर बसली होती. “चुकलं, आजी,” तो म्हणाला.

“मोडला तो जोडेल,” म्हातारी म्हणाली. “पण बाळा, असा दोनदा खोटा वाजला ना, तर तिसऱ्यांदा मी उठणार नाही. आणि तिसऱ्यांदा तो खरा असेल.”

मग इतर उमेदवार बसले. राजांच्या नावांच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा धूर निघाला तेव्हा नियमाची वही उघडून पान शोधत राहिला. एक निवृत्त शिपाई चांगला जागा राहिला, पण त्याची नजर लांबचं पकडत नव्हती. शास्त्रीबुवा कंटाळले. मग एके दिवशी बुरुजावरचा माठ बदलायला आलेल्या कुंभारणीला ते स्वतःच म्हणाले, “बाई, तुम्ही बसता का?”

“मी?” ती हसायला लागली. “मला राजांची नावं कुठली? नवऱ्याचंही नाव मी घेत नाही.”

पण बसली. पहिल्या दिवशी कुणीतरी गवत जाळलं. ती सुपारी कातरत राहिली. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी मुद्दाम खोड काढायला टेकडीवर शेकोटी पेटवली. तिने तिकडे पाहून नुसतं “मेल्यांनो!” म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर धुकं होतं. शास्त्रीबुवा डोळे फाडून बघत होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं, तोच कुंभारणीने अडकित्ता खाली ठेवला, पदर खोचला आणि नगारा वाजवायला घेतला. धुकं वितळलं तेव्हा कुठे बुवांना धूर दिसला. पांढरा, जड, जागचा न हलणारा.

निकालाला राणीसाहेब गावात आल्या. घाटावर सारा गाव जमला. निकाल सगळ्यांना ठाऊक होता, पण गावाचं मन दुसरीकडे होतं.

“सरकार,” पाटील म्हणाले, “बाई हुशार आहे, वाद नाही. पण हा पोरगा राजधानीपर्यंत चालत गेला म्हणून हे सारं घडलं. त्याचं घर गेलं. जागा त्यालाच द्या. एकदा चुकला, पुन्हा चुकणार नाही.”

“द्या, त्यालाच द्या,” लोक म्हणाले. मोडक्या हाताची म्हातारी तेवढी गप्प राहिली.

शास्त्रीबुवाही पुढे झाले. “सरकारांना तसा अधिकार आहे. घरचं माणूस गेलेल्याला जागा दिल्याचे दाखले आहेत.”

राणीसाहेबांनी दोन्ही टिपऱ्या धाकट्याच्या हातात ठेवल्या. “मागशील तर देईन,” त्या म्हणाल्या. “पण मागावं की नाही, ते तू ठरव.”

धाकट्याने टिपऱ्या घट्ट धरल्या. दादा-वहिनीसाठी करण्यासारखं आता दुसरं काही त्याच्यापाशी उरलं नव्हतं. या टिपऱ्या सोडल्या तर हात रिकामे. मग एक टिपरी काखेत धरून त्याने स्वतःच्या छातीवर टिचकी मारली आणि मान वाकडी करून ऐकलं. लोकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं.

“दादा असता तर म्हणाला असता, राहू दे अजून वेलीवर,” तो म्हणाला. “मला प्रत्येक धुरात माझीच झोपडी दिसते, सरकार. मी रोज नगारा वाजवीन, आणि एक दिवस कुणीच उठणार नाही. कीव येऊन मला इथे बसवलंत, तर राजांची नावं विचारून त्या अंमलदाराला बसवलं होतं त्यात आणि यात फरक काय?”

त्याने टिपऱ्या कुंभारणीच्या हातात दिल्या. “मावशी, सांभाळ.”

शास्त्रीबुवा हळूच म्हणाले, “सरकार, एक अडचण आहे. बाईंना लिहिता येत नाही. रोजनिशी कोण लिहिणार?”

“लिहिणारा आहे की,” धाकटा म्हणाला आणि त्याने गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या जुन्या अंमलदाराला हाताने ओढून पुढे आणलं. “याचं अक्षर मोत्यासारखं आहे. ही सांगेल, हा लिहील. फक्त याला डौलदार लिहू देऊ नका.”

त्या दिवशी घाटावर पहिल्यांदा लोक हसले. जुना अंमलदार मात्र रडला. धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याने त्याही दिवशी दिलं नाही. पण धाकट्याने पुन्हा विचारलंही नाही.

राणीसाहेबांनी राजधानीत जाऊन नवा कायदा केला. कोठारावर बसायचं असेल त्याला डोळे बांधून धान्याची मूठ द्यायची, ओलं की सुकं ते त्याने बोटांनी सांगायचं. रस्त्यावर नेमायचा असेल त्याला भरली बैलगाडी हाकत त्याच रस्त्याने न्यायचं. दवाखान्यात बसायचं असेल त्याने आधी एक दिवस रोग्यांच्या रांगेत बसायचं. आणि या सगळ्यावर शास्त्रीबुवांची चोख नजर, म्हणजे मेहुणे-भाचे परत शिरायला नकोत. एक्क्याऐंशी राजांची परीक्षा एकाच जागेसाठी उरली, राजवंशाचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाच्या. त्रेचाळिसाव्या राजावर अडकलेल्या मुलाने ती मिळवली आणि तो फार सुखी झाला.

पुढच्या उन्हाळ्यात वाळू पुन्हा हिरवी झाली. धाकट्याने दादाच्याच जागी आळी खणली, दादाने राखलेलं बी लावलं आणि एकही देठ वेळेआधी तोडला नाही. फळं भरली. उद्या उतरवायची असं ठरलं, आणि त्याच दिवशी, लख्ख उन्हात, नगारा वाजला.

धाकट्याने कलिंगडांकडे वळूनही पाहिलं नाही. रेंगाळणाऱ्यांना दंडाला धरून ओढत, चटया हिसकावून फेकत तो घाटाकडे धावला. वर हाकांचा कल्लोळ चालला होता. एकेक नाव घाट चढून येत होतं आणि एकेक हाक थांबत होती. पाणी आलं तेव्हा वाळूत एकही माणूस नव्हतं. तीस घरांची सगळी माणसं पायऱ्यांवर उभी होती, धापा टाकत, एकमेकांचे हात धरून.

सगळ्या हाका थांबल्या. तेव्हा धाकटा सर्वांत वरच्या पायरीवर चढला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गेल्या उन्हाळ्यात मारायच्या राहिलेल्या हाका मारल्या.

“दादाऽऽ! वहिनीऽऽ! वर या! पाणी आलंय, वर या!”

माणूस वर येईपर्यंत हाक थांबवायची नाही, ही रीत. त्याला थांब असं कुणी म्हणालं नाही. बुरुजावर कुंभारणीने नगारा चालूच ठेवला, आणि घसा पार बसेपर्यंत धाकटा हाका मारत राहिला.

तात्पर्य: ज्याच्या हाती काम सोपवायचं, त्याला त्या कामापाशी उभं करून पारखावं, पाठ केलेल्या नावांनी नदी थांबत नाही, आणि दयेने दिलेल्या जागेनेही नाही.